कोकणातल्या कारखान्यात आयआरची (औद्योगिक संबंधांची) नोकरी: पगार किती, आणि तो कशावर ठरतो

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका गेटवर ‘एचआर’ म्हणून बसणाऱ्याला महिन्याला अठरा हजार मिळतात आणि चार गेट सोडून पुढच्या कारखान्यात त्याच पदनावाच्या माणसाला लाखाच्या वर. दोघांच्याही टेबलावर मस्टर, रजेचे अर्ज, पीएफची चलनं. पदाच्या नावात फरक शोधत बसू नका. तुम्ही कोणाच्या मस्टरवर आहात आणि तुमच्या शब्दाने किती माणसांचे किती पैसे हलतात, या दोन गोष्टींवर आकडा ठरतो. एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापन) किंवा कामगार कायद्याचा डिप्लोमा हातात घेऊन तळोज्यापासून कुडाळपर्यंत नोकरी शोधायला निघालेल्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं, म्हणून हा खटाटोप.

आधी इंटरनेटवरचा तो मोठा आकडा डोक्यातून काढा. या कामाचं इंग्रजी नाव (‘लेबर रिलेशन्स’) टाकून पगार शोधला की पहिल्यांदा अमेरिका दिसते. तिथल्या कामगार सांख्यिकी खात्याने मे २०२४ साठी दिलेलं मध्यम वार्षिक वेतन ९३,५०० डॉलर आहे. त्याला डॉलरच्या भावाने गुणून खूश होण्यात अर्थ नाही, कारण तिथे या पदावरचे बहुतेक लोक युनियन आणि तत्सम संघटनांच्या पगारावर असतात. आपल्याकडे हे काम करणारा जवळजवळ नेहमी कंपनीचा माणूस असतो. नाव एक असलं तरी टेबलाची बाजू वेगळी.

पहिली पायरी: काम नक्की कोणतं, ते विचारून घ्या

जाहिरातीत ‘एचआर/आयआर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं असतं. आत गेल्यावर त्याचे चार वेगवेगळे अर्थ निघतात.

टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाईमचे तास, गेटपास. सुरुवात बहुतेकांची इथूनच होते आणि पगार इथेच सगळ्यांत कमी. त्यानंतर येतं पेरोल आणि कंप्लायन्स, म्हणजे पगारपत्रक आणि कायद्यांची पूर्तता: पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), व्यवसाय कर, ठेकेदारांची बिलं तपासणं. तिसरं कल्याण अधिकाऱ्याचं पद. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ५०० किंवा अधिक कामगार असतील तर हा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षितता संहितेत ही संख्या २५० वर आली आहे. नव्या उमेदवारांच्या दृष्टीने ही बातमी चांगली आहे, कारण कोकणातले कितीतरी रासायनिक कारखाने २५० आणि ५०० च्या मधल्या आकाराचे आहेत. कायद्याने माणूस ठेवावाच लागतो, तेव्हा त्या खुर्चीला निदान काही किंमत येते.

चौथं खरं आयआर. मागणीपत्र आलं की युनियनशी बोलणी करणं, चार्जशीट काढणं, खातेनिहाय चौकशी चालवणं, कामगार आयुक्तांपुढे समेटाच्या तारखांना उभं राहणं, कामगार न्यायालयात वकिलाला कागद पुरवणं. पैसा आहे तो इथे. पण इथे थेट कोणी घेत नाही, पहिल्या तीनांतून वर यावं लागतं.

मुलाखतीत सरळ विचारा: “युनियन आहे का? शेवटचा करार कधी झाला? मी कोणाला रिपोर्ट करणार?” उत्तर द्यायला कोणी कचरलं, तर टाइम ऑफिसच समजा.

दुसरी पायरी: मस्टर कोणाचं?

या एका प्रश्नावर पगार दुप्पट किंवा निम्मा होतो. मोठ्या कारखान्यांत हजेरीचं आणि कंत्राटी कामगारांचं काम ठेकेदाराच्या माणसांकडे दिलेलं असतं. बसायला कंपनीच्याच ऑफिसात, जेवायला कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये, पण नेमणूकपत्र ठेकेदाराचं. ठेका संपला की तुमचाही हिशोब.

एमआयडीसीत मुलाखतींना बोलले जाणारे ढोबळ आकडे असे: ठेकेदाराकडे पंधरा ते वीस हजार, कंपनीच्या रोलवर ट्रेनी म्हणून पंचवीसच्या आसपास, पाच-सात वर्षांनी कंप्लायन्स आणि थोडं आयआर सांभाळणाऱ्याला वर्षाला सहा-आठ लाख. प्लँटचा एचआर-आयआर प्रमुख असेल तर पंधरा लाखांच्या पुढे कुठेही. मधलं अंतर बघा. ते वर्षं मोजून भरत नाही. वीस वर्षं टाइम ऑफिसात बसलेले आणि तिथेच निवृत्त झालेले लोक प्रत्येक वसाहतीत आहेत.

ठेकेदाराकडे अजिबात जाऊ नका, असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षभर शटडाउनची (देखभालीसाठी प्लँट बंद ठेवतात तेव्हाची) भरती सांभाळलीत तर कंत्राटी कामगारांचा कायदा पुस्तकापेक्षा बरा कळतो. फक्त त्या वर्षाचा अनुभवाचा दाखला कोणाच्या लेटरहेडवर मिळणार, हे आधीच बोलून ठेवा.

तिसरी पायरी: कारखाना वाचायला शिका

पगार कुठे बरा, हे ओळखायला बाहेरून तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे प्लँट थांबला तर काय होतं. डोलवीचा पोलाद कारखाना, जयगडचं वीजकेंद्र, महाड, रोहा-धाटाव आणि लोट्याचे रासायनिक प्लँट, उरणचं बंदर ही सगळी अखंड चालणारी कामं. इथे एक शिफ्ट आली नाही तर नुकसान लगेच दिसतं, म्हणून शिफ्ट आणणाऱ्या माणसाला पैसे मिळतात. रत्नागिरीतली मासळी प्रक्रिया, वेंगुर्ले-कुडाळकडचे काजू कारखाने, आंब्याचे कॅनिंगवाले यांचं गणित वेगळं. काम हंगामी, कामगारांत बायका जास्त, नफ्याची फट बारीक. तिथे आयआर असं वेगळं पद सहसा नसतंच. मालकाचा अकाउंटंट किंवा मॅनेजर ते बघतो.

दुसरी म्हणजे कायम आणि कंत्राटी यांचं प्रमाण. कायम कामगार जास्त असतील तर युनियन मजबूत, करार मोठे आणि आयआरचा मान मोठा. कंत्राटी जास्त असतील तर काम कंप्लायन्सचं. ठेकेदाराने पीएफ भरला का, किमान वेतन दिलं का, हे तपासणं. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर परिमंडळाप्रमाणे बदलतात आणि विशेष भत्ता जानेवारी-जुलैला सुधारतो, हे पाठ पाहिजे. ठेकेदार जुन्या दराने बिल लावून मोकळा होतो आणि फरकाची मागणी शेवटी मुख्य मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या, दारात येते.

तिसरी गोष्ट गाव. हे पुण्या-मुंबईहून आलेल्या साहेबांना उशिरा कळतं. कोकणात कामगार हा आधी त्या गावचा माणूस असतो. जमीन गेलेले प्रकल्पग्रस्त, शेजारच्या वाडीतली मुलं, सरपंच, पाण्याची आणि वासाची तक्रार हे सगळं आयआरच्याच टेबलावर येतं. उद्योगांत पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत, हे राज्याचं जुनं धोरण आहे. त्याचा हिशोब मागायला लोक गेटवर येतात. तुम्ही इथलेच असाल आणि समोरच्याची वाडी, मानकरी, पक्ष तुम्हाला ओळखता येत असतील, तर ते पगार मागताना बोलून दाखवा. लाजायचं कारण नाही, कंपनीला ते विकत मिळत नाही.

चौथी पायरी: करारात पैसे कसे हलतात, ते समजून घ्या

आयआरच्या माणसाला कंपनी इतके पैसे का देते, हे कळायला एक हिशोब कागदावर मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पद्धत मात्र चालू आहे ती.

कारखान्यात १८० कायम कामगार. तीन वर्षांचा करार संपला, युनियनने मागणीपत्र दिलं. प्रत्येकी महिना बारा हजारांची वाढ मागितली, कंपनी साडेतीनवर अडली. सात-आठ बैठका, एक गेटसभा, काळ्या फिती आणि शेवटी सहा हजारांवर मिटलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, विषय संपला. आयआरचा अर्धा विषय इथून सुरू होतो.

हे सहा हजार पहिल्या महिन्यापासून पूर्ण दिले तर ३६ महिन्यांत कंपनीला ३ कोटी ८८ लाख ८० हजार लागतात. तेच ६०-२०-२० टक्के अशा टप्प्यांत दिले, म्हणजे पहिल्या वर्षी ३,६००, दुसऱ्या वर्षी ४,८०० आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण ६,०००, तर खर्च ३ कोटी ११ लाख ४ हजार. दोन्हींत फरक ७७ लाख ७६ हजारांचा. कामगाराला तिसऱ्या वर्षी हातात येणारी वाढ तीच. नुसत्या टप्प्यांच्या बोलणीत पाऊण कोटी इकडचे तिकडे झाले.

आता ती वाढ कुठल्या रकान्यात घालायची? मूळ वेतनात घातली की पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाईमचा दर सगळंच चढतं. भत्त्यात घातली की तेवढं चढत नाही. वर्षानुवर्षं कंपन्या भत्ते फुगवत आल्या. नव्या वेतन संहितेने याला वेसण घातली आहे: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणून सध्या ज्याला जुने करार नव्या व्याख्येत बसवून खर्च काढता येतो, त्याला मागणी आहे. एक्सेलवर हे गणित मांडायला शिका. नुसता गोड बोलणारा आयआरवाला आणि गणित येणारा आयआरवाला यांच्या पगारातलं अंतर इथून पडतं.

करार किती महिने रखडला, तेही पैशातच मोजलं जातं. जुना करार डिसेंबरला संपला आणि नवा ऑगस्टला झाला, तर मधल्या महिन्यांचे एरिअर्स द्यायचे की एकरकमी काही देऊन मिटवायचं, यावर पुन्हा ताण. इकडे सह्या गणपतीच्या आधी व्हाव्यात, असं दोन्ही बाजूंना वाटतं. कामगाराला चतुर्थीला घरी पैसे न्यायचे असतात आणि कंपनीला माहीत असतं की त्या आठवड्यात निम्मी लाईन गावी जाणारच. अशा वेळी रात्री साडेनऊला युनियनचा सेक्रेटरी दारात येऊन म्हणतो, “साहेब, दोनशे वाढवा नि मोकळे व्हा.” तेव्हा दोनशे वाढवायचे की चहा मागवायचा, हे ज्याला कळतं त्याचा पगार कुठल्या तक्त्यात लिहिलेला नसतो.

आणि एक गंमत लक्षात ठेवा. व्यवस्थापकीय काम करणारे, तसंच महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे ‘कामगार’ नाहीत. म्हणजे १८० जणांची वाढ ठरवणाऱ्या तुमच्या स्वतःच्या वाढीसाठी ना युनियन, ना करार, ना समेट अधिकारी. तुमची बोलणी तुम्हीच करायची.

पाचवी पायरी: सीटीसी सोडवून हातात किती, ते काढा

नव्या मुलांना सगळ्यांत जास्त फसवतं ते हेच. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा, तो वर्षाला ३ लाख ६० हजार सांगितला. महिन्याचे तीस हजार, मूळ वेतन १५,०००. आता या तीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० वजा करा. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी साधारण ७२२. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५०, जो दिवाळीला मिळणार. उरले २६,२२८. ही तुमच्या स्लिपवरची एकूण रक्कम. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २४,२२८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर कमी. महिलांना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.

वेतन २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी लागू, तुमचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५. हे कापलं म्हणून नाराज होऊ नका. आजारपणात ते कार्ड नुसत्या मेडिक्लेमच्या आश्वासनापेक्षा बरं.

दोन ऑफर हातात असतील तर नेहमी ‘हातात किती’ यावर तुलना करा. सीटीसीत कोणी कॅन्टीन धरतं, कोणी बस, कोणी वर्षाअखेरीचा ‘परफॉर्मन्स पे’, जो मिळेलच असं नाही.

सहावी पायरी: जागेचा हिशोब

तळोजा, पाताळगंगा, रसायनीकडे आकडा जास्त दिसतो, पण पनवेल-खारघरचं भाडं त्यातला मोठा तुकडा खाऊन टाकतं. लोट्यात काम करून चिपळूण किंवा खेडला राहिलात तर भाडं हलकं आणि कंपनीची बस बहुधा असते. घर गुहागर-दापोलीकडचं असेल आणि रोज घरी जाता येत असेल, तर पाच हजार कमी मिळाले तरी खिशात जास्त राहतात. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात कारखाने लहान, जागा कमी. तिथे राहायचंच असेल तर पगारापेक्षा घराला महत्त्व दिलं, असं स्वतःला स्पष्ट सांगून घ्या.

पुढच्या वाढीचं म्हणाल, तर कोकणातल्या एकाच कारखान्यात चिकटून राहणाऱ्याला ती हळू मिळते. एक उडी रायगड-ठाण्याकडे, मग मोठ्या पदावर परत दक्षिणेला, हा मार्ग पुष्कळांनी घेतलाय आणि तो चालतो.

सातवी पायरी: सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्राची वाट

इथे आकडा छापलेला असतो, हा मोठा दिलासा. केंद्राच्या सहायक कामगार आयुक्तपदाला सातव्या वेतन आयोगाचा स्तर १०, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००. भविष्यनिर्वाह निधी संघटनेतला एन्फोर्समेंट ऑफिसर स्तर ८ वर, ४७,६०० ने सुरू होतो. यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. दोन्हींसाठी यूपीएससी. राज्यात सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या जागा एमपीएससीतून निघतात.

सार्वजनिक कंपन्यांत अलिबागजवळ थळला आरसीएफ, उसरला गेल, उरणला ओएनजीसी. आरसीएफची अधिकाऱ्यांची सुरुवातीची वेतनश्रेणी ४०,०००–१,४०,०००, गेलची ६०,०००–१,८०,०००. पण गेल किंवा ओएनजीसीत लागलात म्हणजे उसर-उरणच मिळेल असं नाही. बदली देशात कुठेही.

शिक्षणाचं थोडक्यात: परळची ना. मे. लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था १९४७ पासून कामगार विषयाचंच शिक्षण देते आणि कोकणातल्या मुलांना ती आवाक्यातली आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून एचआर आणि कामगार संबंधांची पदवी घेतलेल्यांची सुरुवातच मोठ्या कंपनीत आणि मोठ्या आकड्याने होते. नोकरी करता करता एलएलबी केली तर चौकशी आणि कोर्टाच्या कामात ती लगेच उपयोगी पडते.

आठवी पायरी: आकडा मागताना आणि सही करताना

“आधी किती घेत होता?” असं विचारलं की खरं सांगा, पण तिथे थांबू नका. तुम्ही काय सांभाळलंत ते संख्येत सांगा: किती ठेकेदारांचं कंप्लायन्स, किती चौकशा, शटडाउनला किती माणसांचे गेटपास. ‘टीमवर्क’, ‘पीपल स्किल’ असले शब्द ऐकून प्लँट हेड कंटाळलेले असतात. करारात तुम्ही नुसते मिनिट्स (बैठकीचं इतिवृत्त) लिहीत होतात, तरी तेही सांगा. बैठकीच्या खोलीत बसलेला माणूस बाहेर बसलेल्यापेक्षा महाग असतो.

नेमणूकपत्र लेखी मागा. नव्या संहितेप्रमाणे ते देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि दुसऱ्यांना पत्रं वाटणाऱ्यानेच स्वतःचं न घेता रुजू व्हावं, हे बरं दिसत नाही. त्यात चार ओळी शोधा. मालक म्हणून कोणाचं नाव आहे? नोटीस किती महिन्यांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का? बदलीची अट आहे का? नेमणूक मुदतीची असेल तर मुदत किती? मुदतीच्या नेमणुकीत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, बाकीच्यांना पाच वर्षं लागतात. अकरा महिन्यांचं पत्र हातात ठेवलं तर त्यामागचं कारण आता तुमच्या लक्षात येईल.

सोडून जायची वेळ आली, तर वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, असं वेतन संहिता सांगते. रुजू होतानाच पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक), आधीच्या खात्यातली बाहेर पडल्याची तारीख आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का, हे स्वतः लॉगिन करून बघा. ठेकेदाराकडून कंपनीच्या रोलवर आलेल्यांचे पैसे बहुतेक वेळा त्या एका तारखेपायी अडकलेले असतात.